देऊन टाकलेली भांडी

लकोटा लोकांच्या एका सरदाराचं चरित्र मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी खारघरच्या कॉलेजातून नुकतीच निवृत्त झाले होते आणि आता भांडायचं कुणाशी, या विवंचनेत होते. नवऱ्याशी भांडण्यात मजा उरली नव्हती. तो पहिल्या वाक्यालाच ‘तुझं बरोबर’ म्हणून मोकळा होतो. तेवढ्यात हा सरदार आला. उत्तर अमेरिकेतल्या अफाट गवताळ माळावर घोड्यांवरून गव्यांच्या शिकारीला जाणारी ही माणसं. हा त्यांच्यातल्या एका टोळीचा प्रमुख. लोकांची भांडणं मिटवायचा, आणि शिवाय झाडपाल्याची औषधं द्यायचा, आजाऱ्यासाठी देवाकडे गाऱ्हाणं घालायचा.

समोरच्या दारातल्या काकूंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे ते डोक्याला पिसं लावणारे?”

मी म्हटलं, “आपणही फेटे बांधतो, काकू. म्हणून आपली ओळख तेवढीच का?” काकूंनी दार लावून घेतलं. सुरुवात चांगली झाली असं मला वाटलं.

आम्ही पनवेलजवळ सुकापूरला राहतो. त्या वर्षी माझे सासरे, म्हणजे बाबा, आमच्याकडे होते. उरणकडच्या एका कोळीवाड्याचे ते पाटील. सरकारी नव्हेत, जमातीचे. लग्नाच्या बैठका, जाळ्यांची भांडणं, मासळी सुकवायच्या जागांचे तंटे, सगळं त्यांच्या ओट्यावर यायचं. शिवाय त्यांच्या हाताला गुण होता. मुरगळलेला पाय, अवघडलेली मान, धरलेली कंबर ते तेल लावून मोकळी करत. त्याचे पैसे घेत नसत. पैसे घेतले की हाताचा गुण जातो, असं त्यांच्या आजाने त्यांना बजावून ठेवलं होतं. म्हणजे मी ज्या माणसाबद्दल जाडजूड इंग्रजी पुस्तकात वाचत होते, तसाच एक माणूस माझ्या गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

सासूबाई आदल्या दिवाळीच्या तोंडावर गेल्या. हसत्या-बोलत्या, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला जाणाऱ्या बाई. त्यांच्यामागे बाबा एकटेच त्या घरात राहिले आणि महिन्याभरात ओट्याच्या पायरीवरून घसरून पडले. मोडलं काही नाही, पण माझ्या नवऱ्याची झोप उडाली. त्याने त्यांना गाडीत घालून आणलं. बाबांनी येताना कपड्यांची एक पिशवी आणली आणि गोणपाटात भरून सासूबाईंची सगळी भांडी. पितळेच्या पराती, डबे, तांब्याची कळशी, तपेली, गडू. हंगाम बरा गेला की त्या पनवेलच्या बाजारातून एक भांडं घेऊन यायच्या आणि त्यावर आपलं नाव कोरून घ्यायच्या. सोन्यापेक्षा त्यांचा जीव त्या भांड्यांत. बंद घरातून चोरीला जातील म्हणून बाबांनी ती आणली, असं ते म्हणाले. आमची गॅलरी भरून गेली. वाळत घातलेले कपडे काढायला मला भांड्यांवरून उड्या माराव्या लागायच्या.

आल्यापासून बाबा बोलतच नव्हते. विचारलं तर ‘हाय’, नाहीतर ‘नाय’. पाटील माणूस, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं बंद केली, तो असा मुका होऊन बसलेला मला बघवत नव्हता.

मला एक वाईट खोड आहे. अनुवाद करताना मी प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघते. जिभेवर अडखळलं की खोडते. एका दुपारी मी असंच बसून गव्यांच्या शिकारीचा भाग म्हणत होते. गव्याच्या मांसाचे पट्टे बायका दोरीवर कसे सुकवतात, वगैरे. गॅलरीतून आवाज आला.

“मासली नाय खात काय त्यो?”

मी चमकले. “कोण, बाबा?”

“त्यो तुजा सरदार.”

“तिथे समुद्र नाही जवळ. माळ आहे नुसता.”

होडीला होरी म्हणणारे आमचे बाबा बोटांवर मोजू लागले. “समुंदर नाय, होरी नाय, मासली नाय,” ते म्हणाले, “मंग त्यो सरदार कशाचा?”

मी इतकी हसले की खुर्चीवरून पडायची बाकी होते. आणि दुसऱ्या दिवसापासून मी टेबल उचलून गॅलरीच्या दाराशी आणलं. 

मग रोज दुपारी चहा झाला की आमचा तिघांचा फड बसायचा. मी, बाबा आणि सरदार. मी वाचायची आणि बाबा त्या सरदाराला जोखायचे. शेजारच्या गावचा पाटील असावा तसे ते त्याच्याबद्दल बोलायचे. बैठकीत कुणीही तोंड उघडायच्या आधी चिलीम सगळ्यांच्या हातून फिरते, हे त्यांना फार पसंत पडलं. “तंबाकू वढत्या माणसाला शिवी देता येत नाय,” ते म्हणाले. सरदार सगळ्यांच्या शेवटी जेवतो, यावर त्यांनी मान डोलावली. लढाईत पळवून आणलेले घोडे तो गरिबांना वाटून टाकतो, हे ऐकून मात्र ते थबकले. 

“सगले?”

“जवळजवळ सगळे. त्यांच्यात मोठा माणूस म्हणजे ज्याने जास्त दिलं तो. ज्याच्याकडे जास्त आहे, तो नाही.”

“त्याची बायको काय बोलत नाय?”

“तंबू बायकोच्याच मालकीचा असतो. तो देता येत नाही.”

“मंग ठीक हाय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी बिडी पेटवली.

एकदा मी त्यांना माझी अडचण सांगितली. हा माणूस औषधही देतो आणि देवाशीही बोलतो, त्याला मराठीत म्हणू काय? वैद्य म्हटलं तर देव राहून जातो, भगत म्हटलं तर औषध राहून जातं. बाबांना ही अडचणच कळली नाही. “दुखतंय त्याच्या घरी जातो ना त्यो? बोलवलं का जातो. बस झालं की,” ते म्हणाले. पुस्तकात मी शेवटी ‘वैद्य’ असंच ठेवलं आहे. बाबांना ते अजून पटलेलं नाही.

हळूहळू बिल्डिंगलाही त्यांचा पत्ता लागला. सोसायटीचे सेक्रेटरी मान वाकडी घेऊन लिफ्टमध्ये भेटले, आणि बाबांनी तिथेच, दोन मजल्यांच्या मध्ये, त्यांची मान हातात घेतली. सेक्रेटरी असे ओरडले की खाली वॉचमन उठून उभा राहिला. मान सरळ झाली. मग रांगच लागली. कुणाचं मनगट, कुणाचा घोटा. ज्याला हाड मोडल्याचा संशय यायचा त्याला बाबा हातही लावत नसत, “आदी फोटो काड” म्हणून पाठवून द्यायचे. ज्याच्या घरी हात लावला त्याच्या घरचं पाणीसुद्धा ते पीत नसत. काकूंना हा अपमान वाटायचा. मी समजावायची. काकू म्हणायच्या, “तुझ्या त्या सरदारासारखंच आहे का हे?” म्हणजे माझं पुस्तक काकूंपर्यंत पोचलं होतं तर.

सगळं बरं चाललं होतं. एक गोष्ट सोडून. गावाहून फोन यायचे. दोन सख्खे भाऊ मासळी सुकवायच्या जागेवरून हमरीतुमरीवर आले होते. एकाची वलंडी, म्हणजे बोंबील टांगायची बांबूंची रचना, दुसऱ्याच्या बाजूला हातभर सरकली होती, आणि पाटील येऊन सांगेल तेव्हाच ती हलेल म्हणून दोघेही अडून बसलेले. बाबा फोन कानाला लावायचे, ऐकायचे, “पाटील नाय हितं” म्हणायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. मग मी घाटावरची सून, माझ्या कॉलेजी मराठीत त्या भावांना सामोपचाराचं महत्त्व सांगायची. ते बिचारे “व्हय व्हय” म्हणून ठेवून द्यायचे.

गणपती झाले त्या सुमाराला पुस्तकात आत्मा राखायचा भाग आला. लकोटा लोकांत कुणाचं फार जिवाचं माणूस गेलं, की त्याच्या केसांची बट कातडीत गुंडाळून ते घरात ठेवत. वर्षभर त्याला घरच्या माणसासारखं जपायचं, त्याच्यापुढे अन्न ठेवायचं, त्याच्यासमोर भांडायचं नाही. वर्ष भरलं की सगळ्यांना बोलवायचं, आत्म्याला सोडायचं, आणि घरात असेल नसेल ते सगळं वाटून टाकायचं. मग राहिलेला माणूस मोकळा. पुस्तकातल्या सरदाराने आपल्या मुलीसाठी हे केलं होतं.

मी वाचायची थांबले. बाबांनी हात लांबवून गोणपाटातली एक तपेली बाहेर काढली, बोटाने सासूबाईंच्या नावावरची धूळ पुसली आणि परत आत ठेवली.

दिवाळीआधी सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं झाल्यावर बाबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. पाटील बैठकीला बसतात तसे ते ताठ बसले होते. “आता ही भांडी वाटून टाकतो,” ते म्हणाले. “सगली देऊन झाली का मी गावाला जातो. मना थांबवू नका.”

नवरा म्हणाला, “एकटे? पुन्हा पडलात म्हणजे?”

“परलो तर परलो. भांडी घेऊन गेलो तर घरात रोज तीच दिसंल मना. ती दिल्याबिगर त्या घरात पाय ठेवता येनार नाय. आन् तुमच्या घरात मी गॅलरीत बसतो. गॅलरीत बसनारा मानूस म्हातारा होतो.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे सगळं आलं. त्या ओल्या पायऱ्या, ते बंद घर, आणि हा पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस एकटा स्वयंपाक करणार. खरं सांगायचं तर मला माझंही वाईट वाटत होतं. इतकं लक्ष देऊन माझं वर्गात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी भांडी वाटायला घेतली. पण कोळ्याच्या घरचं माणूस कुणाच्या दारात रिकामं भांडं घेऊन कसं जाईल? म्हणून ते प्रत्येक भांड्यात काहीतरी घालायचे. पहिला डबा समोरच्या काकूंना गेला. त्यात सुके बोंबील होते. काकू शुद्ध शाकाहारी. त्या दिवशी लिफ्टमधून वर येणाऱ्या प्रत्येकाने नाकाला रुमाल लावला होता. काकूंनी बोंबील कामवालीला दिले, डबा चिंचेने घासून लखलखीत केला आणि चौथ्या दिवशी साटोऱ्या भरून परत आणून दिला. 

बाबा दारातच म्हणाले, “डबा तुमालाच दिलाय.”

“अहो असं कसं?” काकू म्हणाल्या. “दुसऱ्याचं भांडं कुणी ठेवून घेतं का? नाव कोरलंय त्याच्यावर. आणि रिकामं कसं द्यायचं, म्हणून थोडं गोड.”

बाबांनी परोपरीने सांगितलं. पण मराठी माणसाला ‘राहू द्या’ म्हणणं म्हणजे आग्रह करणं. काकूंनी डबा टेबलावर ठेवला आणि गेल्या.

मग तेच सुरू झालं. तिसऱ्या मजल्यावर गेलेली तपेली शंकरपाळ्यांनी भरून परत आली. सेक्रेटरींकडे दिलेली कळशी त्यांच्या बायकोने घासून, आत पाच नारळ घालून पाठवली. तळमजल्यावरच्या खाला मूळच्या इथल्याच, पनवेलच्या. त्यांच्याकडून गडू परत आला तो सांदणं घेऊन. सकाळी बाबा एक भांडं बाहेर नेत आणि संध्याकाळी दोन घरात येत. डिसेंबर अर्धा झाला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि नवऱ्याचं वजन वाढलं होतं.

बाबा चिडले. “तुज्या सरदाराला काय सोपं होतं,” ते मला म्हणाले. “घोरा दिला का दिला. घोरा घासून, पोटात लाडू भरून कोन परत आनत नाय.”

मी त्यांच्यासमोर सहानुभूतीचा चेहरा करायची आणि आत जाऊन हसायची. मला उकळ्या फुटत होत्या. सुकापुरात एकही घर ते भांडं ठेवून घेणार नव्हतं, आणि भांडी संपल्याशिवाय बाबा जाणार नव्हते. शिवाय भांडं परत द्यायला येणारी प्रत्येक बाई घटकाभर बसायची. बाबा त्यांच्याशी बोलायचे. म्हणजे आता ते गॅलरीतही बसत नव्हते. मी नवऱ्याला म्हटलं, “काळजी करू नकोस, ही बिल्डिंग त्यांना सोडत नाही.”

आणि मग संक्रांत आली, आणि मी माझ्याच जिभेने सगळ्यावर पाणी ओतलं.

काकूंच्या हळदीकुंकवाहून मी आले ती हातात स्टीलची एक वाटी घेऊन. बाबांनी ती वाटी उचलली आणि उलटी करून पाहिली. “ही परत कवा देयाची?”

“परत नाही द्यायची, बाबा. वाण आहे ते.” 

“पन नाव काकूंचं हाय.”

“वाणावर देणारीचंच नाव असतं. कुणाकडून आलं ते लक्षात राहावं म्हणून. वाण लुटतात, ते परत घेऊन कुणी येत नाही.”

हे बोलता बोलताच मला कळलं की मी काय बोलून बसले आहे. बाबांनी वाटी हळूच टेबलावर ठेवली. कित्येक महिन्यांत मी त्यांचा चेहरा इतका उजळलेला पाहिला नव्हता.

“मना बायकांना वाण देता येनार नाय,” ते म्हणाले. “तू कर. तुज्या सासूचं वाण.”

मी म्हटलं, बघू. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, वेळ आहे. बाबा रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभे राहायचे. मी रोज काहीतरी कारण काढायची. पाठ दुखते, प्रुफं आली आहेत, साखर संपली आहे. एका सकाळी ते म्हणाले, “पाठ दे, मी बगतो.” मला राग आला. स्वतःचाच आला, पण मी तो पातेल्यांवर काढला. सगळी भांडी आदळत मी म्हणाले, “तुम्हाला जायचंच आहे ना? मग मी कशाला मदत करू?”

बाबा म्हणाले, “मंग कोन करनार?”

तेवढंच. मी टेबलाशी येऊन बसले. समोर तेच प्रकरण तपासायला पडलं होतं, आत्मा राखायचं. त्यात मीच मराठी केलेलं एक वाक्य होतं की ज्याचं माणूस गेलं त्याला एकट्याने वाटता येत नाही, त्याचे नातलग त्याच्या बाजूने उभे राहून देतात. हे वाक्य मी दहा वेळा मोठ्याने म्हणून बघितलं असेल. जिभेवर कुठे अडखळत नाही ना, एवढंच बघत होते. त्या दिवशी मी ते मनातल्या मनात वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. मग उठले आणि काकूंना फोन केला, की रथसप्तमीला आमच्याकडे या.

आम्ही दोघांनी मिळून भांडी घासली. बाबा चिंच लावायचे, मी धुवायची. माझे हात काळे झाले. काकूंना मी आधीच बजावून ठेवलं होतं की हे वाण आहे आणि परत आणलंत तर माझ्याशी गाठ आहे.

सगळी बिल्डिंग आली. खालाही आल्या, मागे बसल्या, आणि तिळगूळ घेऊन हसत राहिल्या. बायकांच्या कार्यक्रमात बाबा कसे येणार? ते स्वयंपाकघराच्या दाराआड उभे होते. मी एकेकीला हळदकुंकू लावायची, ओटीत भांडं ठेवायची आणि सांगायची, “हे माझ्या सासूबाईंचं. सवाष्ण गेल्या त्या.” हे ऐकलं की प्रत्येक बाई ते भांडं कपाळाला लावायची. नाकारायचं कुणी नावच घेतलं नाही. सवाष्णीचं वाण कोण नाकारणार?

काकूंना मी मोठी परात दिली. ती मांडीवर घेऊन त्या अगदी झाकून गेल्या. “एवढं जड वाण मला उभ्या जन्मात मिळालं नाही,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात दाराआडून बाबांचा आवाज आला. त्यांना राहवलं नसावं.

“त्याच परातीत ती सुरमई कापायची.”

सगळ्या बायकांच्या माना वळल्या. सगळ्यांचं लक्ष काकूंकडे. काकूंनी परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “चांगली घासली आहे ना?”

“मी स्वतः,” बाबा आतून म्हणाले.

“मग काय,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी परात आणखी जवळ ओढून घेतली.

मग बाबा थांबेचनात. प्रत्येक भांडं निघालं की आतून त्याची हकिकत यायची. हा गडू तिने कुठल्या भांडणात मला मारायला उचलला होता. ती या कळशीसकट होडीतून पडली तेव्हा मी तिच्यासाठी नाही, कळशीसाठी उडी मारली असं तिने मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं. बायका इतक्या हसत होत्या की हळदीकुंकवाच्या घरात मेलेल्या माणसाचं बोलणं चाललंय हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. सासूबाई असत्या तर त्या सगळ्यांत मोठ्याने हसल्या असत्या.

सगळ्या गेल्यावर गॅलरीत गोणपाट तेवढं उरलं. बाबांनी ते झटकून घडी करून ठेवलं. “उद्या निगू,” ते म्हणाले. मी म्हटलं, “बरं.” आतून मला काहीच बरं वाटत नव्हतं. ते पुन्हा पडले तर, आजारी पडले तर, कुणाला कळेल का, हेच डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडीने निघालो. न्हावा शेवाच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरांची ही रांग. नवरा त्यांतून गाडी काढत होता आणि मी मागे बसून निरोपाची वाक्यं जुळवत होते. तिथे पोचल्यावर रडायचं नाही, निदान त्यांच्या देखत नाही, असं ठरवत होते. बाबा मात्र खिडकीतून कुठली बोट आली, कुठली गेली ते सांगत होते.

घरापाशी पोचलो तर ओट्यावर ते दोघे भाऊ आधीच येऊन बसले होते, एकमेकांकडे पाठ करून. पाटील येणार ही खबर आमच्या आधी गावात पोचली होती. चार-दोन म्हातारे आणि बायकाही जमल्या होत्या. बाबांनी कुलूप काढलं, किल्ली माझ्याकडे दिली आणि घरात न जाता ओट्यावरच आपल्या जागी बसले. मला मागे वळून म्हणाले, “सूनबाय, चाय ठेव. सगल्यांना.”

मी आत गेले. पदर खोचला. गॅस होता, चहाची पूड मी आणली होती, दूधही आणलं होतं. फळीवर मात्र काही नव्हतं. सगळ्या फळ्या मोकळ्या, नुसत्या भांड्यांच्या बुडाच्या गोल खुणा. मी कपाट उघडलं, स्वयंपाकाच्या ओट्याखाली वाकून पाहिलं. मग बाहेर आले.

“बाबा, पातेलं नाही.”

“नाय?”

“एकही नाही. सगळी वाटलीत तुम्ही. पेलासुद्धा नाही घरात.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. असे हसताना मी त्यांना सासूबाई होत्या तेव्हाच पाहिलं होतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि त्या दोन भावांकडे वळले.

“आयकलं ना?” ते म्हणाले. “पाटलाच्या घरात चाय कराया भांडं नाय. आता तुमी बोला. तुमाला काय कमी परलंय?”

थोरल्याने खाली मान घातली. मग तो उठला आणि आपल्या घराकडे चालू लागला. धाकटा बसून राहिला, थोड्या वेळाने तोही उठला. मला वाटलं, संपलं, दोघे रुसून गेले. पण गल्लीच्या तोंडाशी ते परत दिसले. थोरल्याच्या हातात फडक्याने धरलेलं चहाचं मोठं पातेलं, आणि त्याच्या मागून धाकटा, दोन्ही हातांत कपांचा ढीग सांभाळत. “सावकास, दादा,” तो म्हणत होता, “पायरी ओली हाय.”

चहा सगळ्यांना मिळाला. बाबा मधे बसून ऐकत होते, एकाला थांबवत होते, दुसऱ्याला बोलतं करत होते. आमच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मी जुळवून आणलेलं एकही वाक्य बोलायची वेळ आली नाही.

नवरा माझ्या कानाशी म्हणाला, “एकदा विचारून बघू का, परत येतात का आपल्याबरोबर?”

मी म्हटलं, “नको विचारूस. त्यांचं काम चाललंय.”